निपाणीवालीची जागा

वडगावच्या शेवटच्या मागांचा आवाज जिथं थांबतो, तिथून पुढं मच्छे गावाच्या रस्त्याला एक लांबट कौलारू इमारत आहे. ज्यांनी जन्मभर माग चालवला आणि शेवटी ज्यांना बघायला कुणी उरलं नाही, अशा म्हाताऱ्यांसाठी ती गावातल्या पंचांनी बांधली. लोक तिला नुसतं 'घर' म्हणत. दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटच्या वर्षी मी तिथं जाऊ लागले, ते काही सेवेच्या ओढीनं नव्हे. घराला मिळालेले डॉक्टर पलटणीतून निवृत्त होऊन लष्करी कॅम्पात राहिलेले, दक्षिणेकडचे होते. त्यांना इंग्रजी येई आणि पलटणीतली मोडकी हिंदुस्थानी. म्हाताऱ्यांना मराठी आणि कानडी. मी कॅम्पातल्या शाळेत इंग्रजीतून शिकलेली, मॅट्रिक होऊन घरी बसलेली. पंचांपैकी एकाची माझ्या वडिलांशी कोर्टात ओळख होती. अशी मी दोघांच्या मध्ये उभी राहिले.

हे काम मला सोसण्यासारखं होतं. चारचौघांत बोलायचं म्हटलं की माझे हात गार पडत. इथं बोलायचं ते सगळं दुसऱ्याचं होतं. डॉक्टर सांगत, मी मराठीत सांगे. म्हातारे कुरकुरत, मी ती कुरकुर इंग्रजीत थोडी मऊ करून सांगे. माझं स्वतःचं काय मत आहे हे कुणी विचारत नसे.

घरात दोन दालनं, एक बायकांचं आणि एक पुरुषांचं, आणि समोर रुंद पडवी. पडवीत जमिनीत खड्डा काढून बसवलेला एक माग आणि त्याच्या शेजारी सुताच्या कांड्या भरायचे दोन रहाट. पंचांमधला सुताचा व्यापारी सूत द्यायचा. त्याला सगळे सावकार म्हणत. म्हातारे जमेल तशी साडी विणत आणि त्यावर घराचा चहा आणि तंबाखू चाले. सूत तेव्हा युद्धामुळं सरकारी कंट्रोलवर होतं, शहापूर-वडगावातले धडधाकट विणकर रिकामे बसले होते, तरी ह्या मागाचं सूत सावकारानं तोडलं नव्हतं. म्हाताऱ्यांना त्याचा अभिमान होता. सकाळी मागाचा ठोका सुरू झाला की जे अंथरुणातून उठू शकत नसत तेही कूस बदलून पडवीच्या बाजूला तोंड करत.

मागावर आप्पा बसत. सत्तरी उलटलेले, अंगानं काटकुळे, डोळे दुधासारखे झालेले. काठ कुठं चुकला हे ते बोटानं चाचपून सांगत. साडीला आडवं सूत आरपार नेणारे तीन धोटे लागत, काठाचे दोन आणि मधल्या अंगाचा एक. त्यामुळं आप्पांच्या समोर, मागाच्या पलीकडच्या बाजूला, दुसरं माणूस बसायला लागे. ते रोज बदले. ज्याच्या पाठीत त्या दिवशी जोर असेल तो बसे. म्हातारा किंवा म्हातारी, ह्यात भेद नव्हता.

पावसाळा संपता संपता घसा धरायची साथ आली. आधी घसा सुजायचा, गिळता यायचं नाही, मग ताप, आणि ताप छातीत उतरला की माणूस हाती लागायचं नाही. पहिला गेला तो पुरुषांच्या दालनातला एक थट्टेखोर म्हातारा. आदल्या आठवड्यात त्यानं मला विचारलं होतं, "शिकलेल्या पोरी, सायबाच्या भाषेत खोकला आला तर खोकल्याचा आवाज कसा येतो गं?" मी हसले होते. त्याच्यामागून रहाटावर बसणारी एक म्हातारी गेली.

डॉक्टरांनी पलटणीतली शिस्त आणली. दोन अंथरुणांच्या मध्ये हात पसरता येईल एवढी जागा. चादरी सोड्याच्या पाण्यात उकळायच्या. थुंकायला प्रत्येकाची वेगळी करवंटी, तिच्यात फिनेल. खिडक्या उघड्या. प्रत्येकाचा तांब्या वेगळा आणि ओळखू यावा म्हणून त्याच्या गळ्यात वेगळ्या रंगाचं सूत. ही सुताची युक्ती आक्कांची. आक्का म्हणजे घर सांभाळणाऱ्या बाई. उंच, रुंद हाडाच्या, सगळ्यांना वेळेवर जेवू घालणाऱ्या आणि कुणाशी दोन शब्द जास्त न बोलणाऱ्या.

तांब्यांचा हुकूम मी मराठीत सांगितला तेव्हा बायकांच्या दालनात हसू पिकलं.

"म्हंजे काय, हितंवर आमी एकमेकींचं उष्टं पीत हुतो व्हय?" एक म्हातारी म्हणाली. "सांग की तुझ्या सायबाला. आमच्यात नवऱ्याच्या तांब्यालाबी तोंड लावत न्हाईत."

"नवऱ्यानं लावू दिला तर न्हवं," दुसरी म्हणाली.

मी डॉक्टरांना एवढंच सांगितलं, की ह्या बाबतीत त्या फार काटेकोर आहेत. ते खरंच होतं. पाणी पिताना त्या तांब्या वर धरून धार घशात सोडत. कुणाचा चमचा चुकून दुसऱ्याच्या ताटात लागला तर ताट बाजूला सारत. डॉक्टरांनी पुरुषांची सामाईक चिलीम बंद केली, बायकांची मशेरीची एकच डबी होती ती बंद केली. आणखी काय तोंडातून तोंडात जातं, असं त्यांनी मला विचारायला सांगितलं. मी विचारलं. सगळ्यांनी मनापासून विचार केला आणि सांगितलं, काही नाही.

तरी साथ थांबेना.

साथ सुरू झाली त्याच महिन्यात निपाणीवाली आली होती. निपाणीच्या तंबाखूच्या वखारीत तिनं जन्म काढला. पानं झोडायची, चाळायची, पोती भरायची. नवरा वडगावचा विणकर, फार पूर्वी मेलेला, आणि त्याच्या नावावर तिला ह्या घरात जागा मिळाली. मुलगा होता, तोही गेला. वखारीत आता तिला कुणी उभं करत नव्हतं, कारण ती सारखी खोकायची. तंबाखूची धूळ छातीत बसलेली, तो कोरडा खोकला. सकाळी सुरू झाला की तिचं सगळं अंग रिकाम्या खोक्यासारखं हादरायचं. तिच्या लुगड्याला, केसांना, हातांना तंबाखूचा वास होता आणि कितीही आंघोळी केल्या तरी तो जात नव्हता.

ती आली, आणि माणसं मरायला लागली. दालनाला एवढं पुरेसं होतं.

पहिल्यांदा कुणी तोंडावर बोललं नाही. तिच्या शेजारच्या दोघींनी चटया सरकवल्या. मग जेवणाच्या पंगतीत तिच्या दोन्ही बाजूंना जागा रिकामी राहू लागली. मग एक दिवस मी दारात असताना एक म्हातारी आक्कांना म्हणाली, "हिला न्हेऊन सोडा जितनं आणलीसा तितं. वखारीतला रोग वखारीत ऱ्हाऊ दे." निपाणीवाली तिथंच बसली होती. ती आपल्या पायाची बोटं चोळत राहिली.

डॉक्टरांनी तिची छाती ऐकली, घसा बघितला. ते मला म्हणाले, हिचा खोकला जुना आहे, धुळीचा आहे, तो कुणाला लागत नाही. मी ते सावकारांना सांगितलं. सावकार अंगानं जाड, आवाजानं मृदू असे गृहस्थ होते. ते म्हणाले, "डॉक्टरसाहेब म्हणतात ते बरोबर असेल, बाई. पण माणसं घाबरलीत. घाबरलेली माणसं घरात ठेवता येत नाहीत, खोकणारी एक बाहेर काढता येते." डॉक्टरांनी बरीच हुज्जत घातली. शेवटी ठरलं ते असं. तिला मागच्या अंगणातल्या लाकडांच्या खोपीत वेगळं ठेवायचं. अमावास्येला माग बंद असतो, त्या दिवशी पंच बसतात. तोवर आणखी कुणाचा घसा धरला, तर तिनं घर सोडायचं.

हे तिला सांगायला मलाच जावं लागलं. खोपीत लाकडं एका बाजूला रचली होती. जमीन ओलसर होती. आक्कांनी तिथं एक फळी टाकून त्यावर चटई घातली होती.

मी सांगितलं. ती ऐकून घेऊन म्हणाली, "घर सोडून कुटं जायचं, त्ये बी सायबानं सांगितलंय का?"

"नाही, आजी."

"निपाणीत धर्मशाळा हाय. पर रोगानं काढलेलीला तितं घेत न्हाईत. इचारत्यात पयलं." तिनं लुगडं गुडघ्याखाली ओढून घेतलं. "तू जा बाय. हितं लई वेळ उभी ऱ्हाऊ नको. उद्या तुज्या घरातलं कोण खोकलं तर तेबी माज्यावर येईल."

ती खोपीत गेली, आणि पुरुषांच्या दालनात आणखी एकाचा घसा धरला. ती वेगळी झाल्यावर हे घडलं हे उघड होतं. मला वाटलं आता तरी तिच्यावरचा आळ जाईल. गेला नाही. तिच्यावरून वारं येतं, असं बायका म्हणू लागल्या. तिचं ताट आक्का वेगळं उकळत, तर म्हणे घासायची राख तीच वापरतात. त्या म्हाताऱ्याचा ताप दिवसभर चढत राहिला आणि दुसऱ्या दिवशी तो गेला. सावकारांनी डॉक्टरांचा मान राखून एवढंच कबूल केलं, की ही लागण आधीची धरू. पण ह्यापुढं एक जरी झाला तरी ऐकणार नाही.

अमावास्या जवळ येत होती. डॉक्टरांनी मला सांगितलं, तुला इथं डोळे आहेत, मला नाहीत. मी येतो तेव्हा हे लोक सावध बसतात. तू नुसती बसून बघ.

बघत बसणं मला कुणी शिकवायची गरज नव्हती. शाळेत मी शेवटच्या बाकावर बसून तेच करायची. मी पडवीत रहाटाशेजारी पोत्यावर बसू लागले. पहिल्यांदा म्हातारे जरा अवघडले, मग विसरले. मी तांबे बघितले, ताटं बघितली, कोण कुणाची करवंटी उचलतं ते बघितलं. आक्कांचे हात बघितले. सगळं डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणं चाललं होतं.

माग बघायचं माझ्या मनात नव्हतं. तो तिथं होता म्हणून नजर तिकडं गेली. आप्पांच्या धोट्यातली कांडी संपली. त्यांनी रिकामी कांडी काढली, भरलेली बसवली, धोटा उचलून तोंडाशी नेला आणि त्याच्या कडेच्या बारीक भोकाला ओठ लावून श्वास आत ओढला. सुर्र असा आवाज आला. सुताचं टोक भोकातून बाहेर येऊन त्यांच्या ओठांवर चिकटलं. त्यांनी ते बोटानं काढलं, धोटा ताण्याच्या उभ्या सुतांत सोडला. पलीकडं त्या दिवशी एक म्हातारी बसली होती. त्याच धोट्याचं सूत तुटलं. धोटा तिच्या बाजूला होता. तिनं तो उचलला, त्याच भोकाला ओठ लावले आणि सूत ओढून घेतलं. थोड्या वेळानं तो परत आप्पांकडं आला.

लहानपणापासून मी शहापुरात माग बघत आले होते. हे मी शंभर वेळा बघितलं असेल.

"आप्पा," मी म्हणाले, "सूत तोंडानं ओढायचं असतं?"

"मग काय पायानं वडू?"

दुसऱ्या रहाटावरची म्हातारी हसली. मी म्हणाले, "पण आत्ता तुम्ही ओढलं. मग यांनी ओढलं."

"आमी साटेक वर्सं वडतोय."

"उष्टं होत नाही?"

आप्पांनी मागाचा ठोका थांबवला. त्यांना राग आला नव्हता. मी काहीतरी पोरकट विचारलं असं त्यांना वाटलं असावं. "धोट्याला कसलं उष्टं, पोरी? खंडेनवमीला आमी त्याला हळदकुंकू लावतो. देवाच्या पुढं ठेवतो. देवाच्या वस्तूला उष्टं आसतंय?"

समोर बसलेल्या म्हातारीनं मान हलवली. काल जेवताना आपल्या ताटाला दुसरीचा पदर लागला म्हणून ती भात टाकून उठली होती.

मी कोण कोण गेलं ते मनात आठवत गेले. थट्टेखोर म्हातारा आप्पांच्या समोर बसायचा. रहाटावरची जी म्हातारी गेली ती काठाचे धोटे भरून, सूत तोंडानं ओढून द्यायची. तिसराही मागावर बसलेला होता. अंथरुणाला खिळलेल्यांपैकी, ज्यांना आम्ही सगळ्यात कमजोर समजत होतो त्यांच्यापैकी, कुणाचाही घसा धरला नव्हता. आणि निपाणीवालीला मागाला हात लावू दिलाच नव्हता. तंबाखूचा वास सुताला लागतो म्हणून.

हे डॉक्टरांना सांगताना मला नेहमीसारखं दुसऱ्याच्या वाक्यामागं उभं राहता आलं नाही. मी इंग्रजीतच सांगितलं, जेवढं कमी शब्दांत येईल तेवढं. त्यांनी आप्पांना उजेडात बसवलं, जीभ दाबून घसा बघितला. बराच वेळ बघितला. मग मला म्हणाले, ह्याचा घसा आतून जुना किडलेला आहे. ह्याला स्वतःला त्याची सवय झाली आहे, दुसऱ्यांना नाही. मी खात्रीनं सांगू शकत नाही, पण हा धोटा तोंडाला लावणं आजपासून बंद.

मी ते मराठीत सांगितलं. घसा किडल्याचं सांगितलं नाही. आप्पांचा घसा बरा नाही, म्हणून कुणीच तोंडानं सूत ओढायचं नाही, एवढंच सांगितलं. तरी पडवीत सगळ्यांची तोंडं आप्पांकडं वळली. कशाबद्दल बोलणं चाललं आहे ते सगळ्यांना कळलं होतं.

"म्हंजे ती माणसं माज्यानं गेली म्हण की," आप्पा म्हणाले.

मी ते डॉक्टरांना इंग्रजीत सांगितलं. डॉक्टर म्हणाले, त्याला सांग, तसं कुणी म्हणत नाही. मी सांगितलं. आप्पा हसले. "सायेब म्हणत न्हाई. तू बी म्हणत न्हाईस. बरं."

धोटे उकळायला सांगितले तर आप्पांनी ते मांडीखाली घेतले. लाकूड फुगतं, टोकांचं लोखंड सुटतं, असा धोटा ताणा फाडतो. हे डॉक्टरांनाही पटलं. मग स्पिरिटनं पुसायचं ठरलं आणि सूत ओढायला सोनाराकडून बारीक तारेचा आकडा करून आणला. शहापुरातले तरुण विणकर कधीमधी तो वापरतात असं सावकार म्हणाले.

तारेचा आकडा भोकातून आत घालायचा, सूत अडकवायचं, बाहेर ओढायचं. ज्याला भोक दिसतं त्याला ते अवघड नाही. आप्पांना दिसत नव्हतं. ओठांना भोक सापडायचं, बोटांना नाही. त्यांनी सकाळभर प्रयत्न केला. तार भोकाच्या बाजूला लागायची, सूत पिंजायचं, कांडीवरचे वेढे सुटून मांडीवर यायचे. कुणी हसलं नाही. रहाटावरची म्हातारी दुसरीकडं बघत रहाट फिरवत राहिली. दुपारपर्यंत साडी चार बोटंही पुढं सरकली नव्हती.

मागच्या अंगणातून निपाणीवाली पडवीच्या कोपऱ्यापर्यंत आली होती. आत यायची तिला परवानगी नव्हती. ती तिथूनच म्हणाली, "आप्पा, मी भरून दिऊ का? माजी नजर बरी हाय. वखारीत पानाची शीर हातानं काढत हुते."

आप्पांनी आवाजाच्या दिशेनं तोंड केलं. "तंबाकूचा हात सुताला लावायचा न्हाई."

"आकड्यानं वडते. हात लागत न्हाई."

"साठ वर्सं माज्या धोट्याला कुणी वखारवालीनं हात लावला न्हाई," आप्पा म्हणाले. "आता मरताना कशापायी?"

ती खोपीकडं परत गेली. इथं मला कुणाचं बोलणं पोचवायचं नव्हतं, डॉक्टर तिथं नव्हतेच. मी आप्पांना म्हणू शकले असते की ती भरून देते तर द्या. मी काही म्हणाले नाही. त्यांनी हो म्हटलं नसतं हे मला माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी आप्पा मागावर बसले नाहीत. कुणीतरी आकडा घेऊन बसायला पाहिजे म्हणून आक्कांनी दोघांना विचारलं. आप्पांशिवाय काठ कुणाला जमत नव्हता. आणि जमला असता तरी कुणी बसलं नसतं असं मला वाटतं. माग थांबला. आप्पा पडवीच्या खांबाला टेकून बसून राहू लागले. कधी कधी त्यांचे पाय आपोआप हलत, मागाच्या पावड्या दाबल्यासारखे.

अमावास्येपर्यंत कुणाचा घसा धरला नाही. पंच बसले, त्या दिवशी डॉक्टर मला घेऊन मुद्दाम आले. त्यांनी स्पष्ट सांगितलं की साथ थांबली आहे, निपाणीवालीचा ह्यात काही संबंध नव्हता, तिला आजच्या आज आत घ्यावं. मी ते शब्दाला शब्द सांगितलं. त्यात मऊ करण्यासारखं काही नव्हतं. सावकारांनी मान डोलावली. "ठरलं ते ठरलं," ते म्हणाले. "राहू दे तिला." मग मागाकडं बघून म्हणाले, "ह्याचं सूत मात्र आता दुसरीकडं द्यावं लागेल." चहा-तंबाखूचं काय, असं कुणी विचारलं नाही. सगळ्यांना समजलं होतं.

त्या संध्याकाळी निपाणीवाली चटई घेऊन दालनात गेली. मी घरी जायला निघाले होते, दारात थांबले. तिची पूर्वीची जागा भिंतीशी होती. तिथं दुसरीनं आपलं गाठोडं ठेवलं होतं. निपाणीवाली उभी राहिली. गाठोडं कुणी उचललं नाही.

"माग गिळलीस," एक म्हातारी चटईवर पडूनच म्हणाली. आवाज मोठा नव्हता. "तू आलीस आणि माग गेला."

"तिनं काय केलं?" आक्का म्हणाल्या.

"तिनं कशाला करायला पायजे. तिला ठेवायपायी ह्या शिकलेल्या पोरीनं माग बघितला. न्हाईतर कोण बघतंय?"

आक्का दिवा लावायला वळल्या. मी बोलावं असं माझ्याकडंही कुणी बघितलं नाही. निपाणीवालीनं दालनाच्या मधोमध, जिथं दोन्ही बाजूंना मोकळी जागा होती, तिथं चटई टाकली.

पुढच्या वेळी डॉक्टर आले तेव्हा ती मला अंगणात गाठून म्हणाली, "बाय, तुज्या सायबाला एक सांगशील?"

"सांगते, आजी."

"मला खोकला हाय म्हणावं. वाढलाय म्हणावं. रातचं रगात पडतंय म्हणावं."

"पडतंय?"

"तू तसं सांग. सायबाला काय कळतंय आमचं बोलणं. मला परत खोपीत ठेवा म्हणावं. तितं मला बरं वाटतं."

तिच्या हातात चटई नव्हती, पण उभी ती अशी राहिली होती की आत्ताच्या आत्ता निघेल. मी तिला म्हणाले की खोप ओली आहे, थंडी येते आहे. ती म्हणाली, "ओल मला बोलत न्हाई."

आमच्या बोलण्याकडं बघत डॉक्टर जवळ आले आणि मला विचारलं, काय म्हणते ती? मी सांगितलं, तिला खोपीत राहायचं आहे. रक्ताचं मी सांगितलं नाही. ते सांगितलं असतं तर त्यांनी तिला लगेच कॅम्पाच्या दवाखान्यात नेऊन तपासलं असतं आणि खोटं निघालं असतं. डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला. ते म्हणाले, तिला सांग, ती निरोगी आहे, निरोगी माणसाला वेगळं ठेवता येत नाही. आणि खोप मला रिकामी पाहिजे. हिवाळ्यात पुढचा रोगी आला तर ठेवायला दुसरी जागा नाही.

मी तिला सांगितलं.

"पुढच्या रोग्याला," ती म्हणाली.

"हो."

"बरं."

त्या दिवसापासून तिनं चटई मधून काढून दाराशी घातली, जिथं सगळ्यांच्या वहाणा असतात तिथं. आक्का म्हणाल्या, "आत घे गं, वारं लागंल." ती म्हणाली, "खोकला आला म्हंजे भाईर जाता येतं. दार जवळ बरं." बायकांना दारातून जायला तिला ओलांडून जावं लागे. त्या पदर आवरून जात आणि ती पाय जवळ घेई.

आप्पा त्याच थंडीत गेले. घशानं नाही. जेवायचे थांबले होते.

त्यानंतरच्या फेरीला डॉक्टर बायकांच्या दालनात शिरताना चटईला अडखळले. त्यांनी खाली बघितलं, मग आतल्या मोकळ्या जागेकडं बघितलं. इथं वाऱ्यात का झोपवलंय हिला, असं त्यांनी विचारलं. मी दालनाकडं तोंड करून मराठीत तोच प्रश्न विचारला. बायकांनी भिंतीकडं तोंडं केली. निपाणीवाली चटईची कड सरळ करत होती. मला इंग्रजीत न्यायला दुसऱ्या कुणाचं काही मिळालं नव्हतं, आणि डॉक्टर माझ्या उत्तराची वाट बघत दारात उभे होते.